तळ्याकाठच्या नगराची ऊब आणि गारवा

मनुष्याने घर बांधले ते मुळात ऊन, पाऊस आणि थंडी यांपासून निवारा मिळावा म्हणून. परंतु केवळ चार भिंती आणि छप्पर यांनी त्याचे भागत नाही. थंड प्रदेशात घर तापवावे लागते, उष्ण प्रदेशात ते गार करावे लागते आणि या दोन्ही कामांसाठी इंधन खर्ची पडते. पिण्याच्या पाण्याचा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने आपापली विहीर खणून सोडवावा, असे आता कोणी म्हणत नाही. साऱ्या गावासाठी नळ-पाणीपुरवठा योजना आखली जाते. मग ऊब आणि गारवा यांचा पुरवठाही एका ठिकाणाहून साऱ्या वस्तीला का होऊ नये? उत्तर युरोपातील शहरांनी हा प्रश्न पाऊणशे-शंभर वर्षांपूर्वीच स्वतःस विचारला आणि त्याचे उत्तर जमिनीखाली नळ घालून दिले. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथील हामारबी शोस्ताद या वसाहतीचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. तेथे जे साधले तेही पाहण्यासारखे आहे आणि जे साधले नाही तेही.

या व्यवस्थेला इंग्रजीत ‘डिस्ट्रिक्ट हीटिंग’ आणि ‘डिस्ट्रिक्ट कूलिंग’ म्हणतात. यातील ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणजे आपला जिल्हा नव्हे. शहरातील एखादा विभाग वा वस्ती एवढाच त्याचा अर्थ. प्रशासनात काम करणाऱ्यांचा येथे गोंधळ होण्याचा संभव असल्याने या लेखात ‘सामुदायिक तापन’ आणि ‘सामुदायिक शीतन’ असे शब्द योजले आहेत.

कल्पना जुनीच

व्यापारी तत्त्वावरील पहिली सामुदायिक तापन योजना अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील लॉकपोर्ट या गावी बर्डसिल हॉली या अभियंत्याने १८७७ साली सुरू केली. एका बॉयलरमधील वाफ नळांवाटे शेजारच्या घरांत पोहोचविण्याची ती योजना होती. डेन्मार्कमध्ये १९०३ साली फ्रेडरिक्सबर्ग येथे शहरातील केरकचरा जाळून त्याची उष्णता रुग्णालयास पुरविण्यात आली. स्वीडनमध्ये पहिली नगरपालिका योजना कार्लस्टाड येथे १९४८ साली झाली. स्टॉकहोमनजीकच्या फार्स्टा या उपनगराला तर १९६४ पासून १९७४ पर्यंत ओगेस्टा येथील खडकात खोदलेल्या अणुभट्टीतून ऊब मिळत होती! आज ही गोष्ट सांगितली तर खरी वाटणार नाही. पण त्या काळी अणुशक्तीवरील विश्वास तसाच होता.

वाफेऐवजी आता गरम पाणी वापरतात. केंद्रात तापविलेले पाणी उष्णतारोधक आवरणाच्या नळांतून इमारतीपर्यंत येते. तेथे ते घरातील नळांच्या पाण्यात मिसळत नाही. धातूच्या पातळ पत्र्यांच्या एका बाजूने केंद्राचे गरम पाणी आणि दुसऱ्या बाजूने इमारतीचे पाणी वाहते, उष्णता तेवढी पत्र्यातून पलीकडे जाते आणि निवालेले पाणी दुसऱ्या नळाने केंद्राकडे परत फिरते. पाणीपुरवठा योजनेशी तुलना करावयाची तर फरक एवढाच, की येथे नळ दुहेरी असतो आणि पाणी खर्च होत नाही, फक्त त्याची ऊब खर्च होते. गळतीप्रमाणे येथेही तूट असते; नळ कितीही चांगले असले तरी वाटेत काही उष्णता जमिनीत मुरतेच. म्हणूनच वस्ती दाट असेल तेथे ही योजना परवडते. विरळ वस्तीत लांबच लांब नळ घालणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो.

या पद्धतीचा खरा लाभ मात्र एकाच मोठ्या बॉयलरमुळे होत नाही. जी उष्णता एरवी वाया जाते ती तिच्यामुळे उपयोगात आणता येते, हा तो लाभ होय. औष्णिक वीजकेंद्रात जाळलेल्या इंधनातील उष्णतेचा ढोबळमानाने एक-तृतीयांश भाग वीज बनतो. उरलेली उष्णता हवेत किंवा नदीसमुद्रात सोडली जाते. तीच नळांवाटे घरोघर नेली तर इंधनाच्या मोठ्या भागाचे चीज होते. महाराष्ट्रातील वाचकांना हे तत्त्व नवीन नाही. सहकारी साखर कारखान्यांत उसाची चिपाडे जाळून उच्च दाबाची वाफ तयार करतात, तिच्यावर वीज निर्माण करतात आणि जनित्र फिरवून बाहेर पडलेली वाफ रस आटविण्यास वापरतात. स्टॉकहोममध्ये रसाच्या जागी घरे आहेत, इतकेच.

तेलाचा धडा

स्वीडनमध्ये सामुदायिक तापन पसरले ते स्वस्त तेलावर. १९८० च्या सुमारास या योजनांमधील उष्णतेचा सुमारे ९० टक्के भाग तेल जाळूनच मिळत असे. १९७३ आणि १९७९ च्या तेलसंकटांनी त्या देशाचे डोळे उघडले. येथे या पद्धतीचा एक गुण दिसून आला. लक्षावधी घरांतील लक्षावधी बॉयलर बदलावयाचे असते तर पिढी गेली असती. येथे शहरातील मोजक्या केंद्रांत इंधन बदलले की साऱ्या शहराचे इंधन बदलत होते. लाकडाचा भुसा व जंगलातील काटक्याकुटक्या, शहराचा कचरा, कारखान्यांची टाकाऊ उष्णता, समुद्राचे पाणी असे एकेक साधन पुढे आले. १९९१ साली स्वीडनने कार्बन डायऑक्साइडवर कर बसविला आणि जैव इंधनाकडे वळण्यास जोर आला. स्टॉकहोमचे कोळशावर चालणारे शेवटचे केंद्र २०२० च्या एप्रिलमध्ये बंद झाले. आज तेथील बहुमजली निवासी इमारतींपैकी बहुतेकांना ऊब अशा नळांतूनच मिळते.

नवे नगर

हामारबी तळ्याभोवतीचा परिसर शहराच्या दक्षिण अंगाला आहे. एकेकाळी तेथे लहानमोठे कारखाने, गोदामे आणि पत्र्याच्या शेडी होत्या. जमीन रसायनांनी दूषित झालेली होती. २००४ च्या ऑलिंपिक सामन्यांचे यजमानपद मिळावे म्हणून स्टॉकहोमने जी मागणी केली, तिच्यात या जागेवर पर्यावरणदृष्ट्या आदर्श क्रीडानगर उभारण्याचे वचन होते. १९९७ साली ते सामने अथेन्सला गेले. क्रीडानगर झाले नाही, पण १९९६ साली शहराने मंजूर केलेला पर्यावरण कार्यक्रम मागे घेण्यात आला नाही. नव्वदीच्या प्रारंभी बांधल्या जाणाऱ्या इमारतींच्या तुलनेत नव्या वसाहतीचा पर्यावरणावरील भार निम्मा असावा, असे त्याचे उद्दिष्ट होते. दूषित माती काढून वा शुद्ध करून बांधकाम सुरू झाले. सुमारे २०० हेक्टर क्षेत्रावर आता ११ हजारांच्या आसपास सदनिका आणि २५ हजारांहून अधिक लोकवस्ती आहे.

या वसाहतीची जी आकृती पुढे जगभर प्रसिद्ध झाली, तिच्यामागे यंत्रापेक्षा बैठक अधिक होती. ऊर्जा कंपनी, पाणी व मैलापाणी कंपनी आणि शहराचे घनकचरा खाते या तिघांनी प्रारंभीच एकत्र बसून एकाचा टाकाऊ पदार्थ दुसऱ्याचा कच्चा माल कसा होईल याचे चित्र काढले. आपल्याकडे रस्ता एका खात्याने करावा आणि महिन्याभरात दुसऱ्याने तो नळासाठी खोदावा, हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना या बैठकीचे मोल वेगळे सांगावयास नको.

मैलापाण्यातील उष्णता

वसाहतीच्या जवळच हेन्रिक्सडाल येथे डोंगराच्या पोटात, खडकात खोदलेल्या दालनांत, शहराचे मैलापाणी शुद्धीकरण केंद्र आहे. ते १९४१ साली सुरू झाले. स्नानाचे, भांडीकपड्यांचे असे घराघरातील कोमट पाणी तेथे येते आणि शुद्ध झाल्यावरही त्यात पुष्कळ ऊब शिल्लक असते. पूर्वी ती पाण्याबरोबर समुद्रात जाई. १९८६ साली हामारबी उष्णता-केंद्रात मोठे उष्णता-पंप बसविण्यात आले आणि ही ऊब काढून घेणे सुरू झाले. शाळेतील विद्यार्थ्यांना उष्णता-पंपाचे कार्य समजावून देताना मातीच्या माठाचे उदाहरण उपयोगी पडेल. माठाच्या पृष्ठभागावरील पाण्याची वाफ होताना ती आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते आणि पाणी गार होते. उष्णता-पंपात पाण्याऐवजी अत्यंत कमी तापमानास उकळणारा द्रव असतो. मैलापाण्याच्या कोमटपणानेही तो उकळतो, म्हणजेच त्या पाण्यातील उष्णता शोषून घेतो. ही वाफ विजेच्या बळावर दाबली की ती तापते आणि आपली उष्णता घरांकडे जाणाऱ्या पाण्याला देऊन पुन्हा द्रवरूप होते. एक एकक वीज खर्च करून साधारणतः तीन एकके उष्णता हाती येते. ही उष्णता शून्यातून निर्माण होत नाही. ती मैलापाण्यात होतीच, विजेने ती फक्त वरच्या तापमानास उचलून दिली.

यातला पुढचा भाग अधिक मनोज्ञ आहे. ऊब काढून घेतल्यावर शुद्ध केलेले पाणी थंडगार झालेले असते. ते तसेच सोडून न देता त्याचा गारवा सामुदायिक शीतनाच्या नळांत उतरविला जातो आणि कार्यालये, दुकाने यांना पुरविला जातो. स्टॉकहोमसारख्या ठिकाणी गारवा कशाला हवा, असे कोणास वाटेल. परंतु मोठ्या इमारतींत माणसे, दिवे आणि यंत्रे यांची उष्णता कोंडून राहते. संगणक-केंद्रांना तर हिवाळ्यातही शीतन लागते. एकाच यंत्राच्या एका बाजूने ऊब आणि दुसऱ्या बाजूने गारवा विकला जातो. शहरात सामुदायिक शीतन १९९५ साली सुरू झाले. त्यासाठी बाल्टिक समुद्राच्या थंड पाण्याचाही उपयोग होतो. अलीकडच्या काळात संगणक-केंद्रे व मोठी दुकाने आपली टाकाऊ उष्णता या जाळ्याला विकू लागली आहेत. म्हणजे कालचा ग्राहक आज पुरवठादार झाला आहे.

मैल्याच्या गाळापासून बायोगॅस काढला जातो व तो वाहनांसाठी आणि वसाहतीतील सुमारे हजार घरांच्या शेगड्यांसाठी वापरला जातो. आपल्या गावांतील गोबरगॅस संयंत्राचेच हे नागर रूप होय. जळाऊ कचरा अंगणातील झडपांत टाकला की हवेच्या ओढीने जमिनीखालील नळांतून वसाहतीच्या कडेच्या केंद्रावर जमा होतो आणि तेथून होगडालेनच्या भट्टीत जातो. तेथे त्यापासून वीज व उष्णता दोन्ही मिळतात. कचरागाडी घरांच्या दारापर्यंत येत नाही. कचरा जाळण्याबाबत मात्र एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. भट्टीला सतत इंधन हवे असते, त्यामुळे कचरा कमी करण्याची आणि त्याचा पुनर्वापर करण्याची निकड मंदावते. शिवाय त्यातील प्लॅस्टिक हे रूप बदललेले खनिज तेलच असते. स्वीडनच्या भट्ट्यांसाठी परदेशांतून कचरा आणला जातो, ही गोष्ट या आक्षेपाला बळ देणारीच आहे.

साठाचे उद्दिष्ट

आता जे साधले नाही त्याविषयी. कार्यक्रमात प्रत्येक इमारतीसाठी वर्षाला दर चौरस मीटरमागे ६० किलोवॉट-तास इतकीच ऊर्जा बाहेरून घेतली जावी, असे उद्दिष्ट होते. त्या काळच्या मानाने ते फार कडक होते. इमारती उभ्या राहिल्या, लोक राहावयास आले, मोजमापे झाली. तेव्हा बऱ्याच इमारतींचा आकडा १०० च्याही पुढे असल्याचे आढळले. कारणे अगदी साधी होती. तळ्याचे दर्शन घडावे म्हणून बांधकाम कंपन्यांनी भिंतभर काचेच्या खिडक्या ठेवल्या. काचेतून दृश्य आत येते तशी ऊब बाहेर जाते. हवा खेळविण्याच्या यंत्रणेतून बाहेर पडणाऱ्या हवेची उष्णता पुष्कळ ठिकाणी परत घेतली गेली नाही. उद्दिष्ट शहराने ठरविले होते, पण ते विकासकांवर बंधनकारक अटींच्या रूपाने पुरेसे उतरले नाही आणि इमारत पूर्ण झाल्यावर आकडा तपासून जाब विचारण्याची व्यवस्थाही दुबळी राहिली. पुरवठा शुद्ध असला म्हणजे खपाकडे दुर्लक्ष केले तरी चालते, असा समज होऊ शकतो. हामारबीत तसे काही अंशी झाले. पाण्याची टाकी भरलेली असली म्हणून नळ उघडा ठेवणारे सर्वत्र असतात.

दुसरा प्रश्न दराचा. नळ-पाणी योजनेप्रमाणेच उष्णतेचे जाळेही एका भागात एकच असते. ग्राहकास दुसऱ्या दुकानात जाता येत नाही. स्वीडनमध्ये १९९६ साली वीजबाजार खुला झाला, तेव्हा उष्णता पुरविणाऱ्या नगरपालिका कंपन्यांनाही व्यापारी तत्त्वावर दर ठरविण्याची मुभा मिळाली. पुढे दरवाढीबद्दल गाऱ्हाणी वाढली आणि २००८ साली ग्राहकास माहिती व वाटाघाटीचे हक्क देणारा कायदा करावा लागला. स्टॉकहोमच्या उष्णता कंपनीत शहराचा निम्मा वाटा आहे. उरलेला निम्मा वाटा पूर्वी फिनलंडच्या एका ऊर्जा कंपनीकडे होता. २०२१ साली तो युरोपीय गुंतवणूकदारांच्या गटाकडे गेला. दर पटले नाहीत तर स्वीडनमधील गृहसंस्था खडकात खोल विंधन-विवरे घेऊन स्वतःचे उष्णता-पंप बसवितात आणि जाळ्यातून बाहेर पडतात. त्यांच्या दृष्टीने हे योग्यच. परंतु जे मागे राहतात त्यांच्यावर त्याच नळांच्या देखभालीचा बोजा वाढतो. सामुदायिक योजनेत कोणी राहावे, कोणी निघावे आणि निघताना काय भरावे, हा प्रश्न अभियंत्याचा नाही, लोकप्रतिनिधींचा आहे.

आपल्याकडे काय

महाराष्ट्राला ऊब नको, गारवा हवा. त्यामुळे हामारबीचे चित्र उचलून पनवेल किंवा पुण्याच्या एखाद्या नव्या वसाहतीवर डकविता येणार नाही. बाल्टिक समुद्र थंड आहे. मुंबईजवळचा अरबी समुद्र बारमाही उबदार असतो, त्याच्या वरच्या थरातील पाण्याने कार्यालये गार होणार नाहीत. येथे शीतन यंत्रानेच करावे लागेल. तरीही एकत्र करण्याचा लाभ राहतोच. सर्व इमारतींना एकाच क्षणी कमाल गारवा लागत नाही. कार्यालयांची मागणी दुपारी असते, घरांची रात्री. म्हणून प्रत्येक इमारतीत स्वतंत्र यंत्रे बसविण्यापेक्षा सामायिक केंद्र लहान पुरते. रात्री विजेची मागणी कमी असताना थंड पाणी वा बर्फ करून साठविता येतो आणि दुपारी वापरता येतो. शेकडो वातानुकूल यंत्रे आपली उष्णता गल्लीत ओततात, तेही टळते.

भारतात अशी पहिली योजना गुजरातेत अहमदाबाद व गांधीनगर यांच्या दरम्यान साबरमतीकाठी वसविल्या जाणाऱ्या गिफ्ट सिटीमध्ये झाली. तिचे १० हजार टन क्षमतेचे पहिले केंद्र २०१५ साली कार्यान्वित झाले. शीतनातील ‘टन’ हे वजन नव्हे. एक टन पाण्याचा चोवीस तासांत बर्फ करण्यास जेवढी उष्णता काढावी लागते, तेवढ्या वेगाने उष्णता काढण्याची ती क्षमता होय. सुमारे साडेतीन किलोवॉट. तेथे थंड पाण्याचे, पिण्याच्या पाण्याचे व विजेचे मार्ग एका भूमिगत बोगद्यातून नेले आहेत, त्यामुळे दुरुस्तीसाठी रस्ता खोदावा लागत नाही. भारत सरकारने मार्च २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शीतन कृती आराखड्यातही सामुदायिक शीतनाचा विचार केला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमामार्फत ज्या भारतीय शहरांत अशा योजनांचा प्राथमिक अभ्यास झाला त्यांत ठाणे आणि पुणे यांचा समावेश होता.

शीतन केंद्रांना पाणी पुष्कळ लागते. यंत्राने काढलेली उष्णता शीतन-मनोऱ्यात पाण्याचे बाष्पीभवन करून हवेत सोडावी लागते. टंचाईच्या प्रदेशात यासाठी पिण्याचे पाणी वापरणे समर्थनीय नाही. येथे हेन्रिक्सडालची आठवण उपयोगी पडते. शुद्ध केलेले मैलापाणी या मनोऱ्यांना चालते. अट एवढीच, की मैलापाणी शुद्धीकरण केंद्र आणि शीतन केंद्र यांच्या जागा विकास आराखड्यात परस्परांजवळ धरलेल्या असाव्यात आणि दोन्हींमधील नळमार्ग रस्त्यांच्या आखणीबरोबरच राखून ठेवलेला असावा. इमारती उभ्या राहिल्यावर डांबरी रस्त्याखाली हाताएवढ्या जाडीचे दुहेरी नळ घालणे कोणत्याही नगरपालिकेच्या ताकदीबाहेरचे असते. हामारबीत पहिला रहिवासी २००० सालाच्या सुमारास राहावयास आला. उष्णता-केंद्र त्याआधी चौदा वर्षांपासून चालू होते आणि त्याच्याकडे जाणारी वाट नकाशावर आखलेली होती.